कापूस दुपारी वेचत नाहीत

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी बारा वर्षांची होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. टीव्ही काळा-पांढरा, लाकडी पेटीचा, समोरून शटर ओढून बंद करायचा. चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर बाबांनी स्वतः उभं राहून अँटेना दिल्लीच्या दिशेला बसवून घेतला. दिशेच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत, कारण त्यांची नोकरीच नकाशे काढणाऱ्या खात्यात होती. हवा स्वच्छ असली की कधीकधी त्याच अँटेनावर लाहोरही दिसायचं. धुक्यातून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा असे. पहिल्याच रविवारी बाबांनी जाहीर करून टाकलं, "नुसतं बघून उठायचं नाही. सिनेमा संपला की प्रत्येकानं मत सांगायचं. आवडला तर का आवडला, नाही तर का नाही."

सिनेमापेक्षा मला हेच जास्त आवडायला लागलं. सिनेमा संपायच्या आधीच मी मनात वाक्यं जुळवायला लागायचे, की आज मी काय सांगणार! शाळेत कुणी माझं मत विचारत नसे. इथे मोठी माणसं शेंगांची टरफलं हातात तशीच धरून माझं ऐकायची.

मंडळी मोजकीच होती. एक बाबा. दुसरा कॅप्टनमामा, म्हणजे आईचा मावसभाऊ. त्याचं पोस्टिंग जवळच्याच चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत होतं आणि दर रविवारी तो मोटारसायकल फटफटवत यायचा. तिसऱ्या बीजी. वरच्या मजल्यावरच्या सरदारजींच्या आई, सत्तरीच्या, पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर मलमलची पांढरी ओढणी. फाळणीत त्या लायलपूरकडून आल्या होत्या. त्यांच्या मुलाला टीव्हीच्या आवाजानं डोकेदुखी व्हायची, म्हणून त्या आमच्याकडे यायच्या. आल्या की सरळ बाबांच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या. बाबा बिचारे मोढ्यावर, वेताच्या बुटक्या स्टुलावर.

प्रत्येकाची खोड वेगळी होती. लढाईचा सिनेमा असला की मामा उसळायचा, "अरे, रायफल अशी धरतात का यार? हा गोळी झाडेल आणि स्वतःच उताणा पडेल." बाबांना भूगोल खटकायचा. एकदा नायक-नायिका काश्मीरमध्ये गात होते आणि मागे चक्क नारळाचं झाड दिसलं. बाबा आनंदानं उभेच राहिले, जणू त्यांना लॉटरी लागली. बीजींचं लक्ष स्वयंपाकाकडे. नायिका पोळी लाटायला बसली की त्या पुढे वाकून बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "इस कुड़ी ने कदी आटा नहीं गुन्हिया." या मुलीनं जन्मात कणीक मळलेली नाही. झालं, त्या नायिकेचा अभिनय बीजींच्या लेखी संपला.

आणि आई? आईची पाळी आली की ती म्हणायची, "छान होता." कधी "बरा होता." आणि चहाचे कप गोळा करायला उठायची.

बाबा म्हणायचे, "अगं, पण का छान?"

"छान होता म्हणून छान." इतकं बोलून ती आत जायची.

आई विदर्भातली, यवतमाळकडची. बाबा पुण्याचे. लग्नानंतर सासरच्या माणसांनी तिच्या बोलण्याला एकदोनदा हसून घेतलं होतं, तेव्हापासून ती जपून, मोजकंच बोलायची. त्यात चंदीगडला हिंदी आणि पंजाबी. भाजीवाल्याशी जेवढ्यास तेवढं. मी तर घरातही हिंदीतच बोलायचे. ती मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. बीजी आणि आई एकमेकींकडे बघून हसायच्या, पण त्यापुढे गाडी जात नव्हती.

मार्चमधला एक रविवार होता. रजया नुकत्याच ट्रंकेत गेल्या होत्या. सिनेमाच्या आधी वीसेक मिनिटांचा एक माहितीपट लागला. माहितीपट म्हणजे आमच्याकडे शेंगा निवडायची, जागा पकडायची, मामानं बूट काढायची वेळ. कुणी फारसं बघत नसे. पडद्यावर धरणं, कारखाने, लसीकरण येऊन जायचं. त्या दिवशी निवेदकाचा भारदस्त आवाज आला, "विदर्भ की काली मिट्टी का सफ़ेद सोना..."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हाताला बेसन तसंच. दारात उभी राहिली.

कापसाचं शेत होतं. नव्याकोऱ्या साड्या नेसलेल्या सात-आठ बायका, डोक्यावर टोपल्या, ओळीनं उभ्या राहून कापूस वेचत होत्या आणि एका सुरात गात होत्या. ऊन रणरणत होतं. निवेदक सांगत होता की कष्टातही या भगिनी कशा आनंदी असतात.

"हे काय दाखवून राहिले?" आई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी मान वळवली. तिचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"काहून खोटं दाखवून राहिले बाप्पा? सावल्या पाहा त्यांच्या. पायातच आहेत. म्हणजे भर दुपार. भर दुपारी कुणी कापूस वेचतं का?"

बाबांनी विचारलं, "का? दुपारी का नाही वेचत?"

"दुपारी पाला वाळून कडकड होते. हात लावला की चुरा होऊन कापसात जाते. मग तो कोण निवडत बसंल? सकाळी दव असते, पाला नरम असते, तेव्हा वेचतात. आणि टोपली? टोपलीत कापूस? कमरेला ओटी बांधतात ओटी! दोन्ही हात मोकळे पाहिजेत. आणि ह्या गाऊन राहिल्या! कापूस वेचताना गाणं? अहो, भांडतात! कुणाची पात पुढे गेली, कुणाची ओळ मागे राहिली, यावरून भांडतात. सासूच्या कागाळ्या करतात. गातात कशाच्या?"

तोवर तिनं पदराला हात पुसले होते आणि ती टीव्हीपाशी येऊन पडद्यावर बोट ठेवून दाखवायला लागली होती. "ही पाहा. हिची बोटं पाहा. कोरी करकरीत. एक ओरखडा नाही. बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात, नखाच्या कडेला घुसतात. चार दिवस वेचलं तर भाताचा घास धरवत नाही."

माहितीपट संपला. सिनेमाची नावं सुरू झाली. आणि बाबांनी उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

"तुला हे सगळं कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

"वेचलाय ना मी. चार वर्षं."

मामानं मान खाली घातली. त्याला माहीत होतं. बाबांना नव्हतं. लग्न ठरताना मुलीकडे शेती आहे एवढंच सांगितलं गेलं होतं. आईचे वडील ती बारा वर्षांची असताना गेले. मजूर बायकांबरोबर आजी आणि आई स्वतः शेतात उतरायच्या. पहाटे उठून शाळेच्या वेळेपर्यंत आई वेचायची, मग बोटांना तेल लावून शाळेत. पुढे तिच्या मामांकडे नागपूरला मॅट्रिक झाली आणि लग्न झालं. बारा वर्षांची! म्हणजे आत्ता मी होते तेवढी. मी माझ्या बोटांकडे बघितलं.

बाबा हळूच म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस."

"चंदीगडात कापसाचा विषय कुठे निघणार होता?" आई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. तिचे गाल लाल झाले होते आणि डोळे चमकत होते. माझ्या आईला मत आहे, आणि ते असं दणदणीत आहे, याचा मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

बीजींना यातलं मराठी काही कळलं नव्हतं. पण पडद्यावरचा कापूस आणि आईचे हातवारे त्यांनी बघितले होते. त्यांनी मला विचारलं, मी हिंदीत सांगितलं. आईनं कापूस वेचलाय म्हटल्यावर त्या खुर्चीतून उठल्या. "असीं वी कपाह चुगदियाँ सी!" आम्हीही कापूस वेचायचो! लायलपूरला कालव्याच्या पाण्यावर कापूस व्हायचा. मग त्यांनी आईचा हात धरून स्वतःच्या नखाची कड दाखवली आणि म्हणाल्या, "टिंडा! टिंडे दी नोक!"

आई गोंधळली. आमच्याकडे टिंडा म्हणजे ढेमसं, भाजीतलं. "ढेमशाला कुठे टोक असते?" तिनं मला विचारलं.

मलाही कळेना. शेवटी बीजींनी दोन्ही हातांची बोटं जुळवून कळी केली, मग ती पाकळ्यांसारखी उघडली आणि एक बोट टोकावर टोचून "हाय!" असं ओरडल्या.

"बोंड!" आई ओरडली. "बोंडाला टिंडा म्हणतात ह्या!"

दोघी हसत सुटल्या. मग खुणांनी, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या कशात तरी, त्यांचं जे सुरू झालं ते थांबेना. पहिल्या वेचणीला आईकडे शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवायचे. बीजींकडे दुसरंच काही, गोड भात बहुतेक. त्या रविवारी आमच्यापैकी कुणी सिनेमा धड बघितला नाही. नायक कोण होता ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आई कागद-पेन घेऊन बसली होती.

"टीव्हीवाल्यांना पत्र लिहायचं," ती म्हणाली. "मी सांगते, तू हिंदीत लिही."

आठवड्यातून एकदा प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचा एक कार्यक्रम असे. दोघं जण टेबलामागे बसून पत्रं वाचायचे. आईनं तोही बारकाईनं बघितला होता, आणि आम्हाला वाटायचं ती भाजी निवडतेय!

ते पत्र लिहायला आम्हाला तीन दिवस लागले. आई सांगायची, मी अडायचे. 'ओटी'ला हिंदीत काय म्हणायचं? 'पाला'? मी वर पळत जायचे, बीजींना विचारायचे, त्या पंजाबी शब्द सांगायच्या, मग बाबा ऑफिसातून आले की त्यातला हिंदीत कुठला चालेल ते ठरवायचे. बाबांनी वाक्यं मवाळ करायचा प्रयत्न केला. "'आपने सब ग़लत दिखाया' असं नको. 'कुछ त्रुटियाँ' म्हणू."

"त्रुटी म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"म्हणजे उणीव. छोटीशी."

"छोटीशी नाही ती. ग़लतच लिही गं."

मी 'ग़लत' लिहिलं. पत्र दोन पानी झालं. शेवटी आईनं आपली नेहमीची सही केली, नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, कारण माझ्या अक्षरातलं नाव तिला स्वतःचं वाटत नव्हतं. मी आणि ती सेक्टर सतराच्या पोस्टात चालत जाऊन ते टाकून आलो. पेटीत टाकल्यावर तिनं आत हात घालून पत्र नीट पडलंय का ते चाचपून बघितलं.

मग वाट बघणं. दर आठवड्याला पत्रांचा कार्यक्रम लागला की आम्ही रांगेनं बसायचो. मामा चंडीमंदिरच्या मेसमधला टीव्ही लावून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात नाही. दुसऱ्या आठवड्यात नाही. तिसऱ्या आठवड्यात एका गृहस्थांनी सिनेमे आणखी लांब दाखवा अशी मागणी केली, त्याला बराच वेळ गेला. आई म्हणाली, "जाऊ दे. पोचलंच नसेल." पण पुढच्या आठवड्यात तिनं वरणाला फोडणी द्यायची थांबवून गॅस बंद केला आणि येऊन बसली.

दोघांपैकी चष्मेवाल्यानं एक कागद उचलला. मला लांबूनच माझी निळी शाई दिसली. पडदा काळा-पांढरा, शाई निळी कशी दिसेल? पण मला दिसली.

"चंडीगढ़ से हमारे एक दर्शक लिखते हैं," तो वाचायला लागला, "कि कपास दोपहर में नहीं, सुबह ओस रहते चुनी जाती है, और चुनने वाली औरतें गाती नहीं, झगड़ती हैं..."

शेजारची निवेदिका खुदकन हसली. तोही हसला. तीन वाक्यं वाचली असतील. मग त्यांनी सांगितलं की आपली सूचना आम्ही निर्मात्यांपर्यंत पोचवली आहे, आणि पुढचं पत्र उचललं.

आमच्या घरात एकच कल्ला झाला. बाबांनी मला उचललं, बारा वर्षांच्या घोडीला! बीजी "वाह पुत्तर, वाह!" करत आईच्या पाठीवर थापा मारत होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी पडलं. आई मात्र पडद्याकडे बघत तशीच बसली होती.

"'लिखते हैं' काहून म्हणाला तो?" ती म्हणाली. "मी बाई आहे ना? 'लिखती हैं' पाहिजे."

"अगं, सहीत नुसतं आद्याक्षर होतं, त्यांना कळलं नसेल," बाबा म्हणाले.

"मग मी परत लिहिते." आणि मग ती हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासात फाटकात मोटारसायकलचा आवाज आला. मामा मेसमधून जेवणाच्या पानावरून उठून थेट आला होता, हेल्मेटसुद्धा न घालता. "ताई! सगळ्या ऑफिसर लोकांना सांगितलं, ही माझी बहीण आहे! माझा कमांडिंग ऑफिसर म्हणाला, हिला आपल्याकडे घ्या, ही कुणाला सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी बाईंना सांगितलं की ते पत्र माझ्या अक्षरातलं होतं. त्यांनी मला पुढे बोलावून सगळं सांगायला लावलं. मी आईचे हातवारे करून दाखवले. 'झगड़ती हैं' म्हटल्यावर सगळा वर्ग हसला आणि मला वाटलं, आपण जगातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या घरी राहतो.

त्यानंतर रविवारची सभा बदलली. आई आता सगळ्यात आधी बोलायची. फक्त कापसाबद्दल नाही, कशाबद्दलही. एका सिनेमात विधवा आई मुलासाठी शिवणकाम करते असं होतं. आई म्हणाली, "ती मशीन चालवून राहिली, पण पायपट्टीवर पायच नाही तिचा." दुसऱ्या एका सिनेमाला आम्ही सगळे रडलो आणि मामा म्हणाला, फालतू. तेव्हा तिनं त्याला अर्धा तास समजावलं की त्या थोरल्या भावानं घर का सोडलं असेल. ती यवतमाळचंच बोलायची आता, मोकळेपणी, आणि बाबा तिचे शब्द विचारून घ्यायचे. हिंदीही तिनं धडाधड बोलायला सुरुवात केली. चुकायची, पण थांबायची नाही. मी तिच्याशी मराठीत कधी बोलायला लागले ते मला नक्की सांगता येणार नाही. तिच्या मतांना हिंदीत उत्तर देताना मी मागे पडायला लागले, हे मात्र खरं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बीजींनी फर्मान काढलं. त्यांच्या भावाची शेती अबोहरकडे होती. तिकडे कापूस फुटला होता. "चल कुड़िये," त्या आईला म्हणाल्या. आईनं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "जा की. मी खिचडी करतो." आम्ही तिघी शनिवारी पहाटेच्या बसनं निघालो. सहा-सात तास बस खडखडत होती आणि पूर्ण वेळ त्या दोघी मागच्या चार सिनेमांबद्दल बोलत होत्या. पुढच्या सीटवरचा एक लालाजी शेवटी वळून म्हणाला, "बहनजी, वो डाकू वाली मैंने देखी नहीं, आख़िर मत बताना." तोवर त्यांनी शेवट सांगून टाकला होता.

रविवारी उजाडायच्या आधी आम्ही शेतात होतो. लांबपर्यंत पांढरं, आणि त्यावर दव. आईनं कमरेला ओढणी बांधून ओटी केली. तिथल्या बायका गंमत बघत उभ्या होत्या, शहरातली बाई आहे म्हणून. आईनं पहिल्या झाडाला हात घातला, मग दुसऱ्या, आणि मग तिचे दोन्ही हात असे चालायला लागले की मला ते वेगळे वेगळे दिसेनात. बोंडातून पूर्ण कापूस एका झटक्यात, एक पानाचा तुकडा नाही. त्या बायका "अरे वाह" म्हणाल्या आणि आपापल्या ओळीत शिरल्या. बीजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून दोन्हीकडच्यांना चिथवत होत्या. थोड्या वेळानं शेजारच्या ओळीतली एक जण आईला पंजाबीत काहीतरी फणकाऱ्यानं म्हणाली. बहुतेक, माझ्या ओळीतलं घेऊ नको. आईनं तिला यवतमाळच्या बोलीत सणसणीत उत्तर दिलं. दोघींनाही एकमेकींचा शब्द कळला नाही आणि दोघी खुशीत पुढे गेल्या.

मीही वेचला. तासाभरात माझ्या अंगठ्याच्या कडेला रक्त आलं. आईनं ते बघितलं, तोंडानं चोखलं आणि म्हणाली, "झालं. आता तुझंही मत ऐकतील."

सोमवारी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. बाबा फाटकातच उभे होते. रविवारचा सिनेमा त्यांनी एकट्यानं बघितला होता आणि कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं. सामान उतरायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. एक डॉक्टर असतो, तो गावाकडे जातो, तिथे ती शिक्षिका...

"शेवटी तो शहरात परत येतो?" आईनं पिशवी खाली ठेवत विचारलं.

"येतो. पण ऐक तर..."

"आणि ती त्याच्या मागे येते?"

"हो. स्टेशनवर."

"मग बेकार असंल," आई म्हणाली. "तिची शाळा कोण पाहंल?"

बाबा आणि मी दोघंही एकदम बोलायला लागलो. मी डॉक्टरच्या बाजूनं होते, न बघताच. बीजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, आधी मला सगळी गोष्ट नीट सांग. आणि आम्ही तिथेच, सामानासकट, जिन्यापाशी भांडत उभे राहिलो.